सातवा भाग

पत्र आलं ते मराठीतच, पण कायद्याच्या.
'चौकी नंबर नऊ'चे तेराही भाग
तबकड्यांवर काढण्याचा मानस आहे.
बारा मिळाले. सातवा पुसला गेला,
त्याच टेपवर कुणीतरी
कृषी प्रदर्शनाचं उद्घाटन उतरवून घेतलं.
आपल्याकडे असल्याचे समजते.

आहे की.
शहापुरात, कपाटात, साड्यांच्या खाली, डांबरगोळ्यांत.
माझं दुकान होतं तेव्हा, कलमेश्वर व्हिडिओ,
दिवसाला दहा रुपये,
रिवाइंड न करता आणलीत तर अकरा.

रात्री हवालदार ट्रक थांबवतो. ट्रकात माणूस नाही,
रेडिओ तेवढा चालू, त्यावर एक गाणं.
दीड मिनिट. हवालदार नुसता ऐकतो,
मग फाटक वर करतो.
संपलं.
एवढ्यावर आम्ही चार वर्षं भांडलो,
अनगोळपासून खडेबाजारपर्यंत:
ट्रक कुठल्या बाजूनं आला होता?

शर्वाणी नावाची पोरगी आली टेप न्यायला.
पांढरे हातमोजे घालून उचलली, तान्ह्या बाळागत.
मी कुंदा दिला. मग दोन वर्षं तिचे फोन.
गाण्याचा मालक गेला, काका.
त्याची कंपनी दुसरीनं घेतली, दुसरी बुडाली,
कागद कलकत्त्याच्या गोदामात आहेत म्हणतात.
करारात लिहिलंय, दोन वेळा प्रक्षेपण.
घरात बसून, हवं तेव्हा, पुन्हा पुन्हा बघणं
हे तेव्हा कुणाला सुचलंच नव्हतं.
(मला सुचलं होतं. दहा रुपये.)
दीड मिनिटाचे ते मागतात तेवढ्यात
अख्खी मालिका नव्यानं काढता येईल, काका.

मग आलं एकदाचं. म्हणजे तिकडं आलं.
खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत:
विक्री फक्त महाराष्ट्र राज्यात.
नातवानं पिनकोड टाकला, पाच नऊ शून्य
शून्य शून्य तीन.
आपल्या भागात उपलब्ध नाही.
हे वाक्य आम्हाला नवीन नाही,
तरी नातवाला दोनदा टाकायला लावलं.

कोल्हापूरची बस धरली. निपाणी गेली,
कोगनोळीचा नाका गेला,
कंडक्टर कानडीतून सुट्टे मागत होता
आणि मराठीतून शिव्या देत होता.
येताना पिशवीत खाली तबकड्या, वर भडंग.
नाक्यावर कुणी विचारलं नाही.
विचारावं, असं थोडं वाटत होतं.

घरी लावलं. एक, दोन, तीन, सरळ सातवा.
ट्रक आला. माणूस नाही. रेडिओ चालू.
आणि रेडिओवर कीबोर्ड.
कुणाचं तरी एक बोट, टिंग टिंग,
बँकेला फोन लावल्यावर वाजतं तसं.
बिचारा हवालदार तेच तोंड करून उभा,
डोळ्यांत पाणी, त्या टिंग टिंगला.

चित्र मात्र धुतल्यासारखं.
अकराव्या मिनिटाला आमच्या टेपवर बर्फ पडायचा,
तिथं भरमाप्पा कौलांवर चढून
अँटेनाचा खांब फिरवत होता,
बेंगळूरकडनं कोल्हापूरकडं.
आलं काय? आलं. गेलं. आलं, आलं, सोडू नको!
मध्येच कानडी बातम्यांची बाई
हवालदाराच्या खांद्यावरनं डोकवायची,
पावसाचं अर्धं वाक्य बोलून निघून जायची.
तिला काढलंय. बर्फही काढलाय.
पुस्तिकेत शेवटच्या पानावर आभार:
एक प्रेक्षक, कर्नाटक.

टेप पोस्टानं परत आली, हातमोज्यांशिवाय.
आमच्या यंत्राचा पट्टा तुटलेला,
नातवानं दुधाच्या पिशवीचं रबर लावून दिलं.
फिरतंय. गाणं सावकाश येतंय,
तापातल्या माणसागत, पण तेच गाणं.
भरमाप्पाला बोलावून आणलंय,
त्याला आता ऐकू येत नाही, दिसतंही कमीच.
बाई आली. वाक्य अर्धं झालं.
खुर्चीतल्या खुर्चीत त्यानं
दोन्ही हात वर केले
आणि हवा जरा डावीकडं फिरवली.